महाविद्यालयाच्या फाटकातील नवी सावकारी

आपल्या विद्यालयातून बाहेर पडून महाविद्यालयात पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडतात. एक म्हणजे महाविद्यालयातील प्रवेश, आणि दुसरी म्हणजे वयाची अठरा वर्षे पूर्ण होणे. पहिल्या घटनेचा आपण सत्कार करतो. दुसरीकडे फारसे लक्ष देत नाही. परंतु पैशाच्या व्यवहारात दुसरी घटनाच निर्णायक ठरते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यान्वये अज्ञान व्यक्तीला करार करण्याची पात्रता नाही, आणि १९०३ साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अशा व्यक्तीचा करार मुळातच निरर्थक ठरवला. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाला कर्ज देऊन ते न्यायालयामार्फत वसूल करण्याचा मार्ग धनकोला खुला नसतो. तोच मुलगा अठरा वर्षांचा झाला की दुसऱ्या दिवसापासून पूर्ण ऋणको होऊ शकतो. या दोन दिवसांच्या मध्ये त्याचे उत्पन्न वाढलेले नसते, अनुभव वाढलेला नसतो. वाढलेली असते ती केवळ त्याच्या सहीची किंमत.

ही किंमत पतपुरवठ्याचा व्यापार करणाऱ्यांनी केव्हाच ओळखली आहे. महाविद्यालयाच्या फाटकाशी मांडलेले टेबल, अर्ज भरणाऱ्यास मिळणारी पिशवी किंवा सवलतीचे कूपन, स्नेहसंमेलनाच्या फलकावरील प्रायोजकाचे नाव, ‘मित्राला जोडा आणि पैसे मिळवा’ अशी योजना, आणि ‘कॅम्पस ॲम्बेसेडर’ या गोंडस नावाखाली विद्यार्थ्यांमधूनच नेमलेले प्रचारक, ही सारी त्या व्यापाराची साधने आहेत. क्रेडिट कार्ड म्हणजे पाकिटातील प्लॅस्टिकचा तुकडा, अशी आपल्या पिढीची समजूत आहे. तीही आता जुनी झाली. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्यास परवानगी दिली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पूर्वमंजूर कर्जमर्यादाही यूपीआयवरून वापरण्याची वाट मोकळी केली. आता चहाच्या गाड्यावरील चौकट मोबाइलने टिपताना आपण स्वतःचे पैसे देतो आहोत की उधारीचे, हा फरक बोटाच्या एका स्पर्शाएवढाच उरला आहे.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे की, विद्यार्थ्यांना सावधगिरीचा उपदेश करून आपले कर्तव्य संपत नाही. ज्याला उत्पन्न नाही त्याला कर्ज विकण्यासाठी शिक्षणसंस्थेच्या आवारात येणाऱ्यावर बंधन हवे. हे बंधन कायद्याने यावेच. परंतु त्याची सुरुवात आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या फाटकापासून आजही करता येण्यासारखी आहे.

सोलापूरचा जुना अनुभव

धनकोवर बंधन घालण्याची कल्पना सोलापूरला परकी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि त्याचे लोण पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरले. शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या दप्तरावर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून ते जाळण्यात आले, कारण आपल्याला वाचता न येणाऱ्या त्या कागदांनीच आपल्याला बांधले आहे, हे त्यांना उमगले होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सातारा व अहमदनगर यांच्याबरोबर सोलापूरही होते.

त्या कायद्याचा गाभा आजही वाचण्याजोगा आहे. शेतकऱ्याने रोख्यावर अंगठा उठवला आहे, एवढ्यावर न्यायालयाने थांबू नये. व्यवहाराची सुरुवात कोठे झाली, मुद्दल किती आणि व्याज किती, हे मुळापासून तपासावे, असे त्याने सांगितले. सावकाराने पावती द्यावी व हिशेबाचा उतारा द्यावा, असे बंधन घातले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची प्रथा बंद केली. थोडक्यात, ‘सही केली ना, मग भर’ हे सावकाराचे तत्त्व त्या कायद्याने अमान्य केले. ज्याच्याजवळ ज्ञान आणि भांडवल अधिक, त्याची जबाबदारीही अधिक, असे त्याने ठरवले.

अर्थात सावकारांनी पळवाटाही शोधल्या. गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायचे आणि तोंडी सांगायचे की पैसे फेडलेस तर जमीन परत देतो, ही त्यांतली एक. व्यवहाराचे रूप बदलले, स्वभाव तोच राहिला. आज कार्डावर नियम आले की ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ अशी योजना येते, तिच्यावर नियम आले की ॲप येते. म्हणून विद्यार्थ्यांसाठी जो नियम करायचा तो केवळ क्रेडिट कार्डापुरता नसावा. नाव काहीही असो, उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला विकल्या जाणाऱ्या प्रत्येक उधारीला तो लागू असावा.

एक हिशेब

कर्जाच्या जाहिरातीत वार्षिक व्याजदर ठळक अक्षरांत क्वचितच दिसतो. दिसते ती ‘किमान देय रक्कम’. तिचा अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या विद्यार्थ्याच्या कार्डावर २०,००० रुपये थकले. व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे आणि किमान देय रक्कम थकबाकीच्या पाच टक्के आहे. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात हे आकडे मुळीच असाधारण नाहीत. या विद्यार्थ्याने पुढे एक रुपयाचीही खरेदी केली नाही, आणि वर्षभर दरमहा किमान रक्कम न चुकता भरली, तर बारा महिन्यांत तो सुमारे ११,३०० रुपये भरतो. त्यांपैकी सुमारे ७,६०० रुपये व्याजात जातात आणि त्याचे देणे उतरते ते जेमतेम ३,७०० रुपयांनी. यात व्याजावरील जीएसटी धरलेला नाही आणि उशिराचा दंडही धरलेला नाही. नियमित हप्ता भरणाऱ्या प्रामाणिक मुलाची ही स्थिती. एक महिना चुकलेल्याची कल्पना वाचकांनीच करावी.

या व्याजाला कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली, क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा विनापरवाना सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करतो. परंतु बँका त्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. गावातील सावकाराविरुद्ध पालकाला सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जाता येते. मोबाइलमधील सावकाराविरुद्ध तो मार्ग नाही.

नियम आहेत, पण विद्यार्थी कोठे आहे?

रिझर्व्ह बँकेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २१ एप्रिल २०२२ रोजी तिने क्रेडिट व डेबिट कार्डांविषयी जे निर्देश काढले त्यांनुसार, न मागता कार्ड देण्यास मनाई आहे. तसे कार्ड देऊन आकारणी केली, तर ती रद्द करून शिवाय तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. प्रतिनिधीने सकाळी दहा ते सायंकाळी सात या वेळेतच ग्राहकाशी संपर्क साधावा, असाही नियम आहे. डिजिटल कर्जांसाठी नेमलेल्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत सुमारे १,१०० कर्ज ॲप आढळली आणि त्यांतील सुमारे ६०० बेकायदा असल्याचे दिसले. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या खात्यातच जमा करणे, सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे तथ्यपत्रक देणे, संमतीवाचून कर्जमर्यादा न वाढवणे आणि मोबाइलमधील संपर्कयादी व छायाचित्रांना हात न लावणे, ही बंधने घातली. १८७९ च्या कायद्यातील पावती आणि हिशेबाचा उतारा नव्या वेषात परत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि या साऱ्या तरतुदींत ‘विद्यार्थी’ हा वेगळा घटक म्हणून दिसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या पूर्वीच्या परिपत्रकांत, विद्यार्थी व स्वतंत्र उत्पन्न नसलेल्या इतरांना कार्ड देताना विशेष दक्षता घ्यावी, असा स्पष्ट उल्लेख असे. २०२२ च्या निर्देशांत अर्जदाराच्या स्वतंत्र आर्थिक साधनांचा विचार करावा, असे सर्वसाधारण कलम आहे. आणि महाविद्यालयाच्या आवारात कर्जाचा प्रचार कोणी, कसा करावा, याविषयी स्वतंत्र नियम नाही.

इतर देशांनी ही उणीव ओळखली. अमेरिकेत २००९ साली संमत झालेल्या आणि फेब्रुवारी २०१० पासून अमलात आलेल्या क्रेडिट कार्ड कायद्याने एकवीस वर्षांखालील व्यक्तीला कार्ड द्यायचे तर तिचे स्वतंत्र उत्पन्न दाखवणे किंवा प्रौढ सहऋणको असणे सक्तीचे केले. महाविद्यालयाच्या आवारात वा त्याच्या जवळ भेटवस्तू देऊन अर्ज भरून घेण्यास मनाई केली. महाविद्यालयांनी कार्ड कंपन्यांशी केलेले करार जाहीर करावेत, असे बंधनही घातले. चीनने मार्च २०२१ मध्ये ऑनलाइन सूक्ष्मकर्ज कंपन्यांना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उपभोगासाठी कर्ज देण्यास बंदी केली. परस्परांहून इतक्या भिन्न असलेल्या या दोन राज्यव्यवस्था एका निष्कर्षावर आल्या, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आपल्या मुलांचा प्रश्न वेगळा का

कोणी म्हणेल, हा सधन शहरी मुलांच्या चैनीचा प्रश्न आहे. माझे मत उलट आहे. आपल्या विद्यालयातील मुलांचे आईवडील विडी वळणारे, यंत्रमागावर राबणारे, शेतमजुरी करणारे, ऊसतोडीला जाणारे आहेत. आठवड्याचा हप्ता म्हणजे काय, हे त्या घरांना सांगावे लागत नाही. वसतिगृहात असताना मुलाच्या हाती पैसा नसतो, कारण जेवण, निवास, पुस्तके यांची सोय संस्था करते. महाविद्यालयात गेल्यावर खोलीचे भाडे, खाणावळ, परीक्षा शुल्क आणि बसचा पास हे सर्व एकाच महिन्यात अंगावर येते. शैक्षणिक वर्ष जून-जुलैमध्ये सुरू होते. शिष्यवृत्तीची किंवा स्वाधार योजनेची रक्कम खात्यावर केव्हा येते, हे पालकांना ठाऊक आहेच. या दोन तारखांमधील जी पोकळी, तीच या व्यापाराची बाजारपेठ आहे.

शिवाय एक विचित्र योग असा की, शिष्यवृत्तीसाठी शासन जी कागदपत्रे मागते, ती आधार कार्ड, बँक खाते आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक, तीच कर्ज देणाऱ्यालाही हवी असतात. पॅन कार्डाची भर पडली की पूर्वतयारी पूर्ण होते. हक्काच्या पैशाला अनेक महिने आणि उधारीच्या पैशाला पाच मिनिटे! अशा स्थितीत मुलाने पाच मिनिटांचा रस्ता धरला, तर दोष एकट्या त्याचा म्हणता येणार नाही.

पुढे वसुली सुरू होते. बेकायदा ॲपवाले नातेवाइकांना संदेश पाठवतात, छायाचित्रे विद्रूप करून धमक्या देतात. अशा तक्रारी देशभर पोलिसांकडे आल्या आहेत. घराण्यात पहिल्यांदा महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलामुलीला पैशापेक्षा इभ्रतीचे भय मोठे असते. ती मुले घरी सांगत नाहीत, एक कर्ज फेडायला दुसरे घेतात, आणि एखादे दिवशी शिक्षण सोडून कामाला लागतात. नोंदणीकृत संस्थेचे कर्ज थकले तर पतअहवालावर डाग बसतो आणि पुढे शैक्षणिक कर्ज किंवा व्यवसायासाठी कर्ज मागताना तो आड येतो.

तथागतांनी ही साखळी फार पूर्वी सांगून ठेवली आहे. अंगुत्तर निकायातील ऋणविषयक सुत्तात दारिद्र्यातून ऋण, ऋणातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून पाठलाग आणि अखेरीस बंधन, असा क्रम येतो. त्याच निकायात अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना ऋणमुक्ततेला त्यांत स्थान दिले आहे. पाठलाग करणारा आज खिशातील मोबाइलमध्ये असतो, एवढाच फरक.

याचा अर्थ कर्ज हे पाप आहे, असा मुळीच नाही. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले, तेव्हा स्वतःच्या बचतीबरोबर कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि स्नेही नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज त्यांच्या गाठीशी होते. त्याच वास्तव्यातून रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा १९२३ चा ग्रंथ सिद्ध झाला. शिक्षणासाठी, ओळखीच्या माणसाकडून, फेडीची दिशा दिसत असताना घेतलेले कर्ज माणसाला उंच नेते. आजही चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा नियम आहे. आपला विरोध आहे तो खर्चाची सवय लावण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कर्जाला.

आक्षेप आणि उत्तर

दोन आक्षेप गांभीर्याने घेतले पाहिजेत. पहिला असा की, अठराव्या वर्षी मतदान करणाऱ्या नागरिकाला पैशाच्या बाबतीत अजाण का समजावे? उत्तर असे की, आपण त्याचा कर्ज घेण्याचा हक्क काढून घेत नाही. त्याला कर्ज विकण्याच्या पद्धतीवर मर्यादा मागतो. ज्याला हवे आहे त्याने बँकेत जावे, उत्पन्न दाखवावे किंवा मुदतठेवीच्या आधारावर लहान मर्यादेचे कार्ड घ्यावे. त्यातून पतही निर्माण होते आणि धोकाही ठेवीपुरताच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अधिकृत दार बंद केले तर गरजू मुलगा बेकायदा ॲपकडे वळेल. हे खरे आहे, आणि म्हणूनच केवळ मनाई पुरेशी नाही. मनाईबरोबर पर्याय उभा केला नाही, तर १८७९ च्या कायद्याला जशा पळवाटा फुटल्या तशा याही नियमाला फुटतील.

काय करता येईल

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र एका जिल्ह्यापुरते आहे, ही या बाबतीत मोठी सोय आहे. विद्यापीठाने एक परिपत्रक काढून संलग्न महाविद्यालयांना चार गोष्टी सांगाव्यात: आवारात व वसतिगृहात कर्जविक्रीचे टेबल नको, अर्जाच्या बदल्यात भेटवस्तू नको, विद्यार्थ्यांना दलालीवर प्रचारक नेमू देऊ नये, आणि कोणत्याही बँकेशी वा वित्त कंपनीशी केलेला करार व प्रायोजकत्वाची रक्कम सूचनाफलकावर लावावी. यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. रिझर्व्ह बँकेकडे मागणी करावी ती एकवीस वर्षांखालील, स्वतंत्र उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला विनातारण उपभोग-कर्ज देण्यापूर्वी प्रौढ सहऋणकोची लेखी संमती सक्तीची करण्याची. आणि राज्य शासनाकडे मागणी एकच: शिष्यवृत्तीचा निर्वाहभत्ता सत्राच्या आरंभी द्यावा. तो वेळेवर आला तर निम्मी उधारी आपोआप थांबेल, असे मला वाटते.

माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, संस्थेच्या नावाने एक छोटा बिनव्याजी आपत्कालीन निधी उभारावा. महाविद्यालयात गेलेल्या आपल्या मुलाला तीन-चार हजार रुपये दोन दिवसांत मिळावेत आणि शिष्यवृत्ती आल्यावर त्याने ते परत करावेत, एवढाच त्याचा हेतू. आज नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या बंधुभगिनींना हे जड नाही. त्याचबरोबर विद्यालयाचा निरोप घेणाऱ्या प्रत्येक तुकडीसाठी एक तास राखून, कर्जाचे तथ्यपत्रक कसे वाचावे आणि वर दिलेला हिशेब कसा मांडावा, हे वर्गात शिकवावे.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, मुलाने किंवा मुलीने कर्जाची गोष्ट सांगितली तर प्रथम ऐकून घ्या, रागावणे नंतर. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि नातेवाइकांना वा मित्रांना त्रास देण्यासही. बँक किंवा नोंदणीकृत कंपनी दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. धमक्या किंवा फसवणूक असेल तर १९३० या सायबर साहाय्य क्रमांकावर लगेच कळवावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून आपल्या नावावर न घेतलेले कर्ज तर नाही ना, हेही पाहावे.

आपल्या संस्थेने मुलांना निवारा दिला, अन्न दिले आणि अक्षर दिले. ज्या घरांत कर्जाचा कागद वाचता येत नसे, त्या घरांतील मुले आज पदवीधर होत आहेत. दीडशे वर्षांपूर्वी याच मुलखातील शेतकऱ्यांना न वाचता येणारे रोखे जाळावे लागले. आपल्या मुलांना कागद वाचता येतो. आता तो पुढे करणाऱ्याला फाटकावर थांबवण्याची जबाबदारी वडीलधाऱ्यांची आहे.